विनोदाचार्य कै. प्रल्हाद केशव अत्रे

रडावयास मनुष्याला कोणी शिकवावे लागत नाही. जन्मास येताच तो ते काम उत्तम प्रकारे करू लागतो. हसू मात्र तान्ह्या मुलाच्या ओठांवर यावयास काही आठवडे जावे लागतात, आणि दुसऱ्यास हसविण्याची कला तर शेकडा नव्व्याण्णव लोकांस आयुष्य संपले तरी साधत नाही. असे असूनही हसविणाऱ्या माणसाचे पान आपल्या समाजात पंक्तीच्या शेवटालाच मांडले जाते. गंभीर ग्रंथ लिहिणारा तो विद्वान, अश्रू ढाळावयास लावणारा तो थोर कवी, आणि हसविणारा तो मात्र गमत्या! ज्या पुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे, त्याने या समजुतीशी जन्मभर झुंज घेतली. महाराष्ट्रास पोट धरधरून हसविणारा हा मनुष्य वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एक चित्रपट घेऊन पुढे आला. आणि तो पाहून प्रेक्षागृहातील लोक हुंदके देऊ लागले. हे कसे घडले, हाच या लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. अत्र्यांचे चुटके आणि कोट्या येथे वाचावयास मिळतील अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. त्या उतरवून देण्याचा मोह लेखकास झाला नाही असे नाही. पण हजरजबाबी मनुष्याचा शब्द हा सोनचाफ्याच्या फुलासारखा असतो. तो ज्या क्षणी, ज्या सभेत, ज्या माणसाच्या तोंडावर उमलला, तेथेच त्याचा घमघमाट. वहीत दाबून ठेवला की उरतो तो नुसता डाग. शिवाय महाराष्ट्रात कोणासही एखादी बरी कोटी सुचली की ती अत्र्यांच्या नावावर खपविण्याची पद्धत पडून गेली आहे. तेव्हा त्यांतील खऱ्या कोणत्या आणि बनावट कोणत्या याचा निवाडा करीत बसण्यापेक्षा, त्या ज्या झऱ्यातून निघाल्या तो झराच पाहिलेला बरा.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सासवडजवळ कोडीत नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे दि. १३ ऑगस्ट १८९८ रोजी प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म झाला. सासवड गाव कऱ्हेच्या काठी वसलेले. सोपानदेवांची समाधी तेथेच. पुरंदरचा किल्ला जवळच उभा. या मुलुखातील भाषा रांगडी, ठसकेबाज आणि म्हणींनी भरलेली. शेतकऱ्याच्या बोलण्यात जी बेधडक अतिशयोक्ती असते तीच पुढे अत्र्यांच्या वाणीत उतरली. कोणाची स्तुती अगर निंदा करावयाची झाली की गेल्या दहा हजार वर्षांत असा माणूस झाला नाही, या मापाखाली ते सहसा उतरत नसत. पुणेकर विद्वानांस हे माप हास्यास्पद वाटे. पण सभेतील श्रोत्यांस ते घरच्यासारखे वाटे, कारण त्यांच्या गावच्या चावडीवर तेच चालत असे.

शिक्षणासाठी अत्रे पुण्यास आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१९ साली पदवीधर झाले. परंतु त्यांचे खरे विद्यापीठ निराळेच होते. नाटककार व कवी राम गणेश गडकरी यांच्या सहवासाचा लाभ त्यांना या काळात झाला, आणि त्यांना त्यांनी मनोभावे गुरू केले. मराठी विनोदाची जी परंपरा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून निघाली ती गडकऱ्यांकडे आली आणि गडकऱ्यांपासून अत्र्यांकडे, असे म्हणण्यास हरकत नाही. कोल्हटकर हसवीत ते बुद्धीस गुदगुल्या करून. गडकरी हसवीत असत आणि त्याच हाताने डोळ्यांत पाणीही उभे करीत. गडकरी १९१९ च्या जानेवारीत अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले. शिष्याचा विनोद अद्याप जन्मासही आला नव्हता. गुरूचे हे दुहेरी देणे पुरते फेडावयास शिष्यास पुढे चौतीस वर्षे लागली.

पोटासाठी अत्र्यांनी पत्करला तो व्यवसाय शिक्षकाचा. या मासिकाच्या वाचकांस ही गोष्ट विशेष जवळची वाटेल. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी बरीच वर्षे काम केले. १९२८ साली लंडन येथे शिक्षणशास्त्राची पदविका संपादन करून ते परत आले. मुलींसाठी त्यांनी काढलेल्या शाळेस समाजसुधारक आगरकरांचे नाव दिले. मराठी मुलांच्या हाती रुक्ष क्रमिक पुस्तके पडतात याची त्यांना चीड होती, म्हणून ‘नवयुग वाचनमाला’ त्यांनी सिद्ध केली. आजीच्या अदृश्य घड्याळाची जी कविता महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तोंडपाठ केली, तिचा कवी ‘केशवकुमार’ म्हणजे हेच अत्रे, हे आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नसेल. घरात घड्याळ नसता आजी अचूक वेळ कशी सांगते, या साध्या कुतूहलावर ती कविता उभी आहे. मुलाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे ज्याला नेमके कळते तोच चांगला शिक्षक होतो. आणि श्रोत्यांच्या बाबतीत तेच ज्याला कळते तो चांगला विनोदकार होतो. अत्र्यांच्या ठिकाणी ही दोन कामे मुळात एकच होती असे मला वाटते.

‘केशवकुमार’ या नावाचा पहिला मोठा बोलबाला मात्र मुलांच्या कवितेने झाला नाही. त्या काळी पुण्यात रविकिरण मंडळातील कवींचे राज्य होते. कविता सुस्वर गाऊन दाखवाव्या, फारसी धाटणीचे वृत्त घ्यावे, प्रेमाच्या व्यथेने व्याकुळ व्हावे, असा तो काळ होता. त्यांतील खऱ्या कवींमागे नकली कवींची एक फौजच उभी राहिली. १९२५ च्या सुमारास अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. नावातच सगळी गंमत आहे. कवींच्या बागेत पारिजातक, बकुळी, निशिगंध. अत्र्यांच्या परडीत मात्र दसऱ्याला दारावर लटकणारा आणि बैलाच्या शिंगालाही शोभणारा झेंडू. विडंबन म्हणजे नुसती टवाळी नव्हे. ज्याची नक्कल करावयाची त्याच्या वृत्ताची, शब्दांची आणि लकबीची इतकी जवळून ओळख असावी लागते की, काही ओळी वाचकाने खऱ्याच समजून वाचाव्या आणि मग एकदम पायाखालची पायरी निसटावी. असा घाव घालण्यास आधी त्या कवितेवर प्रेम असावे लागते. अत्र्यांचे ते होते. म्हणूनच ज्यांची त्यांनी थट्टा केली त्यांतील चांगले कवी टिकून राहिले, आणि भाषेतील पोकळ नखरा तेवढा लाजून मागे सरला.

यानंतर रंगभूमी. बोलपटाच्या आगमनाने मराठी नाटक मंडळ्या धडाधड मोडत चालल्या होत्या. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट १९३२ साली पडद्यावर आला आणि नाटकगृहे ओस पडू लागली. अशा पडत्या काळात बालमोहन नाटक मंडळीसाठी अत्र्यांनी १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक लिहून दिले. सूर्यनमस्कारांपासून सिनेमापर्यंत निरनिराळ्या वेडांनी झपाटलेल्या माणसांचे ते प्रहसन. त्याच्या मागोमाग १९३४ साली ‘घराबाहेर’, १९३५ साली ‘भ्रमाचा भोपळा’, १९३६ साली ‘उद्याचा संसार’ आणि ‘लग्नाची बेडी’ अशी नाटकांची रांगच लागली. एक हसवणारे तर दुसरे हृदयास पीळ पाडणारे. ‘घराबाहेर’ आणि ‘उद्याचा संसार’ या नाटकांतील स्त्रियांची दुःखे पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकास, हाच का तो साष्टांग नमस्कारवाला, असा प्रश्न पडत असला पाहिजे. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो हसविणारा अत्रे. गमत्याच्या अश्रूंची कोणी नोंद ठेवीत नाही, ती अशी.

त्यांच्या नाटकांची नावे पाहा. ‘भ्रमाचा भोपळा’, ‘लग्नाची बेडी’, ‘मी उभा आहे’, ‘कवडीचुंबक’, ‘तो मी नव्हेच’. यांतील एकही नाव पंडिताच्या कोशातून आलेले नाही. सारी लोकांच्या जिभेवरून उचललेली. दोन अगर तीन शब्दांत सबंध नाटकाचा मथितार्थ येतो आणि वर हसूही येते. अत्र्यांच्या विनोदी वाक्याची घडण हीच आहे. वक्त्याने लांबलचक, गंभीर, अलंकारिक वाक्याचा पतंग उंच उंच चढवीत न्यावा, श्रोत्यांनी माना वर कराव्या, आणि शेवटच्या दोन साध्या, घरगुती शब्दांनी दोर एकदम कापून टाकावा. हसू येते ते त्या कापण्याच्या क्षणी. एक शब्द अधिक झाला तर पतंग नुसताच गोते खातो. ज्यांनी अत्र्यांची भाषणे ऐकली ते सांगतात की, टाळी पडेपर्यंत थांबण्याचा त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. धिप्पाड देह, खणखणीत आवाज आणि चेहऱ्यावर निरागस गांभीर्य; श्रोते लोळत असत आणि वक्ता मात्र, यांत हसण्यासारखे काय झाले, अशा मुद्रेने पाहत उभा राही.

असा शब्दांचा धनी चित्रपटाकडे वळला तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्स या संस्थेत मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक ही मंडळी एकत्र आली होती. त्यांच्यासाठी अत्र्यांनी १९३७ साली ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ लिहिले. ‘धर्मवीर’ची कल्पना नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या एका नाटकावरून घेतलेली, धर्माचा आव आणणाऱ्या प्रतिष्ठितांचे बुरखे त्यात फाडले होते. पुढल्याच वर्षी, १९३८ साली, ‘ब्रह्मचारी’ आला आणि मराठी विनोदी चित्रपटाचे पाऊल एकदम पुढे पडले. औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावतो, नटींच्या तसबिरी फेकून देतो, एका आश्रमवजा संस्थेत दाखल होतो, आणि पुढे एका तरुणीची गाठ पडताच त्याचे व्रत डळमळू लागते. मास्टर विनायकांनी औदुंबर साकार केला. नायिका मीनाक्षी हिने पोहण्याच्या पोशाखात म्हटलेल्या गाण्याने त्या वेळी केवढी खळबळ उडाली हे जुन्या लोकांच्या तोंडून ऐकावयास मिळत असे. गाणे अत्र्यांचेच होते. आज तो देखावा पाहून कोणाची भुवईही वर जाणार नाही. परंतु चित्रपटातील उपहास मात्र अजून ताजा आहे, कारण तो ब्रह्मचर्याचा नव्हे, ढोंगाचा आहे.

१९३९ च्या ‘ब्रँडीची बाटली’कडे मला वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. त्या वर्षी मुंबईत दारूबंदी आली. नगरपालिकेच्या कचेरीतील बगाराम नावाचा एक भित्रा कारकून. ज्या मुलीवर त्याचे मन जडले तिचा भाऊ आजारी. औषध म्हणून ब्रँडी पाहिजे. बगारामाने जन्मात दारू पाहिलेली नाही. ही बाटली शोधण्यासाठी तो बापडा जी वणवण करतो तीच चित्रपटाची कथा. दामूअण्णा मालवणकरांचा तिरळा डोळा आणि गोंधळलेला चेहरा यांनी बगाराम अमर करून ठेविला. आता आठवा की, याच दारूच्या विषयावर गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ ही मराठीतील अतिशय हृदयद्रावक शोकान्तिका लिहिली होती. गुरूने प्याल्यात बुडालेला संसार दाखविला. शिष्याने बाटली शोधणारा निर्व्यसनी गरीब कारकून दाखविला. विषय एक, आणि रस दोन टोकांचे. गुरूस वाहिलेली यापेक्षा चतुर फुलांजली मला माहीत नाही.

या चित्रपटांच्या लेखनाने अत्र्यांस एक नवी गोष्ट शिकविली असावी. नाटकात वाक्याचा शेवट शब्दाने होतो. पडद्यावर तो चेहऱ्याने होतो. मालवणकरांनी नुसती मान वळवून पाहिले की, अत्र्यांचे अर्धे पान फुकट जाई. शब्दांच्या राजाला ही शिकवण सुखाची नसावी. परंतु पुढे काय घडले ते पाहता ती त्यांनी मनावर घेतली होती असेच म्हणावे लागते.

लेखक होऊन समाधान होईना, म्हणून अत्रे निर्माते झाले. स्वतःची संस्था काढून त्यांनी १९४१ साली ‘पायाची दासी’ आणि १९४२ साली ‘वसंतसेना’ हे चित्रपट काढले. पहिल्यात सासुरवासाचे दुःख, दुसऱ्यात शूद्रकाचे जुने ‘मृच्छकटिक’. दोहोंचे दिग्दर्शन गजानन जागीरदारांचे. पुढे काही वर्षे मराठीत आणि हिंदीत त्यांनी आणखीही चित्रपट काढले. त्यांची फारशी आठवण आज कोणी काढीत नाही, आणि आपणही तेथे थांबावयास नको. १९४० पासून ‘नवयुग’ साप्ताहिक त्यांच्या हाती होतेच. १९४२ साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १९४७ साली, चार्लीच्या मावशीच्या सुप्रसिद्ध इंग्रजी प्रहसनावरून, ‘मोरूची मावशी’ रंगभूमीवर आली, आणि लुगडे नेसलेल्या पुरुषास पाहून महाराष्ट्र पुन्हा एकदा हसून हसून बेजार झाला.

आता ‘श्यामची आई’.

साने गुरुजी अत्र्यांहून वर्षाने लहान. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, कोकणात दापोलीजवळ पालगडास. दोघेही शिक्षक, गुरुजी अमळनेरच्या शाळेत, अत्रे पुण्यात. पण प्रकृती पाहावी तर उत्तर-दक्षिण. एक देहाने किरकोळ, वृत्तीने लाजाळू, बोलता बोलता डोळ्यांत पाणी येणारा. दुसरा सभा गाजविणारा, खाण्यापिण्यात, भांडणात आणि हसण्यात सारखाच दणकट. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी आईच्या आठवणी अवघ्या काही दिवसांत लिहून काढल्या. त्याच १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ रंगमंचावर आले. एका बाजूस तुरुंगाच्या कोठडीतील अश्रू, दुसऱ्या बाजूस नाटकगृहातील हास्यकल्लोळ. या दोन प्रवाहांचा वीस वर्षांनी संगम होईल असे भविष्य त्या वेळी कोणी वर्तविले असते, तर तो अत्र्यांचाच एक विनोद समजला गेला असता.

१९५० च्या जून महिन्यात गुरुजी वारले. महाराष्ट्रातील घराघरांत पूज्य झालेल्या त्यांच्या पुस्तकाचा चित्रपट काढावयास अत्रे पुढे सरसावले तेव्हा शंका कोणालाही यावी. देवघरातील समई फटाके उडविणाऱ्याच्या हाती द्यावयाची काय? त्यात पुस्तकही असे की, त्याला कथानक म्हणून नाही. आश्रमात रात्री जमलेल्या मित्रांस श्याम एकेक आठवण सांगतो, एवढेच. नायक नाही, खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही. दारिद्र्याकडे उतरत चाललेले एक कोकणी कुटुंब आणि त्याला सावरून धरणारी एक अर्धशिक्षित बाई. चित्रपटाच्या बाजारात याला किंमत काय?

येथे विनोदकाराची शिस्त कामास आली. पुस्तकातील दोन प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. पोहावयास जाण्याची भीती वाटून श्याम घरात दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिपटीने फोडून काढते आणि विहिरीकडे पाठविते, कारण आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे तिला सोसत नाही. दुसरा प्रसंग स्नानाचा. ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरून बसतो. आई आपले ओचे धोंड्यावर पसरते, तो त्यावरून पाय टेकून जातो. आणि मग ती त्याला, पायांना जपतोस तसे मनालाही जप, एवढेच सुचविते. या प्रसंगांस कोणी अलंकार चढवू लागला, आईच्या तोंडी भाषण घालू लागला, तर ते तत्काळ नासून जातील. चुटका सांगताना जो नियम, तोच येथे: श्रोत्याला जे कळले आहे ते पुन्हा सांगू नये, आणि शेवटच्या शब्दानंतर एक अक्षर बोलू नये. जन्मभर हशासाठी पाळलेला हा नियम अत्र्यांनी अश्रूंसाठी पाळला. फरक एवढाच की, पतंगाचा दोर कापावयाच्या जागी त्यांनी तो हळूच हातात दिला.

दिग्दर्शनही त्यांनी स्वतःच केले. आईची भूमिका वनमालाबाईंनी केली, छोट्या श्यामची माधव वझे यांनी, आणि संगीत वसंत देसाई यांचे. कृष्णाच्या बोटास चिंधी बांधण्यासाठी आपले भरजरी वस्त्र फाडणाऱ्या द्रौपदीचे जे गीत त्यात आहे, ते अत्र्यांनी रचले आणि आशा भोसले यांनी गायिले. ज्या लेखणीने झेंडूची फुले उधळली तिनेच हे गीत लिहिले, हे ध्यानात घेऊन ते ऐकावे. दि. ६ मार्च १९५३ रोजी चित्रपट प्रकाशित झाला. तो पाहावयास गुरुजी नव्हते.

योगायोग असा की, उत्तम चित्रपटांचा राष्ट्रीय सन्मान करण्याचा उपक्रम भारत सरकारने त्याच सुमारास आरंभिला. १९५३ सालच्या चित्रपटांची निवड होऊन १९५४ साली पारितोषिके देण्यात आली, तेव्हा राष्ट्रपतींचे पहिलेवहिले सुवर्णपदक ‘श्यामची आई’स मिळाले. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’सारख्या जगन्मान्य हिंदी चित्रपटास प्रशस्तिपत्रावर समाधान मानावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदकाचे मोल कळते. हिंदीच्या तुलनेने लहान असलेल्या भाषेत, एका विनोदी लेखकाने, नाचगाण्याच्या थाटावाचून काढलेला हा चित्रपट. गमत्याचे पान त्या दिवशी पंक्तीच्या अग्रभागी मांडले गेले.

पाठोपाठ १९५४ साली ‘महात्मा फुले’. फुल्यांच्या पूर्वजांचे खानवडी हे गाव पुरंदर तालुक्यातलेच, म्हणजे अत्र्यांच्या घरच्या अंगणातले. पुण्याच्या नगरपालिकेत असताना तेथील मोठ्या मंडईस फुल्यांचे नाव देण्यासाठी त्यांनी खटपट केली होती. १८४८ साली मुलींसाठी शाळा काढणाऱ्या त्या पुरुषाविषयी, स्वतः मुलींची शाळा काढलेल्या या शिक्षकास आत्मीयता वाटावी यात नवल नाही. चित्रपटाचा मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या, आणि प्रत्यक्ष गाडगेबाबा कीर्तन करताना त्यात दिसतात. मराठीतील उत्तम चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. लोकप्रियतेत मात्र त्यास ‘श्यामची आई’ची सर आली नाही. आई सर्वांस असते. सुधारक पुष्कळांस नको असतो.

येथेच चित्रपटनिर्माते अत्रे जवळजवळ संपतात, कारण त्यांना दुसऱ्याच रणांगणाने हाक दिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, आणि पंधरवड्यातच, १५ नोव्हेंबर रोजी, अत्र्यांनी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ती तोफच होती. १९५७ साली ते विधानसभेवर निवडून गेले. लढ्यास यश येऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यात अत्र्यांच्या जिभेचा आणि लेखणीचा वाटा मोठा होता, हे त्यांचे शत्रूही नाकारीत नाहीत.

पण सत्य सांगावयाचे तर याच काळात त्यांच्या विनोदाचा तोल पुष्कळदा गेला. ज्या धारेने ढोंग कापावयाचे तिने त्यांनी माणसे कापली. विरोधकांच्या नावांची मोडतोड, त्यांच्या देहावर, घरादारावर, खाजगी आयुष्यावर शेरे. विनोबाजींसारखा साधुपुरुषही त्यातून सुटला नाही. वाचक हसत, खप वाढे, आणि ज्याच्यावर वार झाला तो वर्षानुवर्षे ती जखम वागवी. लढाईत असे चालावयाचेच, असे त्यांचे चाहते म्हणतात. माझ्या मनास ते पटत नाही. ‘झेंडूची फुले’ वाचून झोंबलेला कवीसुद्धा हसला असेल. ‘मराठा’तील कित्येक मजकुरांवर ज्याच्याविषयी ते लिहिले तो हसू शकेल असे मुळीच वाटत नाही, आणि विनोदास याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

मात्र तोच मनुष्य दुसऱ्या क्षणी केवढा विरघळे! संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरून पंडित नेहरूंवर त्यांनी आग पाखडली होती. १९६४ च्या मे महिन्यात नेहरू वारले आणि अत्र्यांनी ‘मराठा’त त्यांच्यावर जी लेखमाला लिहिली ती ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहे. मृत्युलेखाच्या कामी मराठीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणी थोर मनुष्य गेला की, उद्या अत्रे काय लिहितात, याची लोक वाट पाहत.

रंगभूमीने त्यांना अखेरपर्यंत सोडले नाही. १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ आले. निरनिराळ्या नावांनी व वेषांनी अनेक संसार उद्ध्वस्त करणाऱ्या एका भामट्याच्या खऱ्या खटल्यावरून ते रचले होते. प्रभाकर पणशीकरांनी त्यात अनेक सोंगे वठविली, आणि वेषांतरास वेळ पुरावा म्हणून रंगमंच फिरता केला होता. या नाटकात हसू येते, पण घशाशी अडकते. न्यायासनासमोर भामटा निर्विकारपणे नाकारतो आणि त्याने फसविलेल्या बायका समोर उभ्या असतात. नाटकाचे नाव तर मराठी भाषेने कायमचे ठेवून घेतले. हात रंगलेले असताना मान हलविणारा कोणी दिसला की, मराठी मनुष्य अजून हे तीन शब्द उच्चारतो, आणि ते कोणी कोठून आणले याचा विचारही करीत नाही.

दि. १३ जून १९६९ रोजी मुंबई येथे अत्र्यांचे देहावसान झाले. त्या वेळी ते एकाहत्तराव्या वर्षात होते. गेली काही वर्षे ते आपले आत्मचरित्र लिहीत होते, आणि कोडीत-सासवडच्या नदीवरून त्यास त्यांनी नाव दिले होते ‘कऱ्हेचे पाणी’. त्याचे पाच खंड त्यांच्या हातून झाले. हकिकत मात्र पुरी व्हावयाची होती, ती पुढील खंडांतून त्यांच्या कन्या, कवयित्री शिरीष पै यांनी पुरी केली.